जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली : आधी यंत्राची पारख, मग बदल



दूध संकलन केंद्र, विविध कार्यकारी सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय, रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र अशा अनेक ठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक आजही कामात आहेत. सभासदांची खाती, दुधाचे फॅट आणि बिले, रोपांची विक्री, खते व औषधांचा साठा या सर्व नोंदी त्यातच असतात. मात्र असा संगणक सुरू होण्यास पाच-दहा मिनिटे लागतात, बँकेचे संकेतस्थळ नीट उघडत नाही आणि "हा आता मोडीत काढा" असा सल्ला मिळतो. पुष्कळदा हा सल्ला घाईचा असतो. याउलट काही ठिकाणी कोणतीही तपासणी न करता नवी कार्यप्रणाली बसवली जाते. मग संगणक पूर्वीपेक्षा मंद होतो आणि अनेक वर्षांच्या नोंदी हाती लागत नाहीत.

ही दोन्ही नुकसाने टाळता येतात. माती परीक्षण केल्याशिवाय आपण खताची मात्रा ठरवत नाही. तसेच यंत्राची तपासणी केल्याशिवाय कार्यप्रणाली ठरवू नये. तपासणी, यंत्रसुधारणा, नोंदींची प्रत आणि शेवटी नवी कार्यप्रणाली हा क्रम पाळल्यास जुना संगणक आणखी काही वर्षे चांगले काम देऊ शकतो.

बदल का करावा?

प्रोसेसर, स्मृती, छपाईयंत्र यांच्याकडून काम करून घेणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मराठीत कार्यप्रणाली. विंडोज आणि लिनक्स ही तिची आपल्याकडील परिचित उदाहरणे होत. कार्यप्रणालीत वेळोवेळी सुरक्षेच्या त्रुटी सापडतात व कंपनी त्या दुरुस्त करत राहते. ठरलेली मुदत संपली की ही दुरुस्ती थांबते. संगणक बंद पडत नाही, पण त्याचे कुंपण त्यानंतर कोणी दुरुस्त करत नाही.

विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी संपली. गूगल क्रोमची या दोन्हींवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ मध्ये आली. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जादा मुदतीची योजना जाहीर केली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. ज्या संगणकावरून सभासदांच्या खात्यात पैसे पाठवले जातात, तो अशा स्थितीत इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे.

पहिली पायरी : यंत्राची तपासणी

विंडोज १० असल्यास सेटिंग्जमध्ये सिस्टिम व नंतर अबाउट हे पान उघडावे. विंडोज ७ असल्यास कॉम्प्युटर या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज निवडावे. पुढील बाबी वहीत लिहून घ्याव्यात.

१) प्रोसेसर : इंटेलच्या कोअर मालिकेत नावानंतरच्या अंकांवरून पिढी बहुधा ओळखता येते. आय ३-३२२० म्हणजे तिसरी पिढी, आय ५-८४०० म्हणजे आठवी आणि आय ५-१०४०० म्हणजे दहावी.

२) रॅम : किती जीबी आहे आणि कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. डीडीआर २, डीडीआर ३ व डीडीआर ४ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जोर लावू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते.

३) साठवण : फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, तिची क्षमता किती आणि त्यातील किती भरली आहे.

४) ३२ बिट की ६४ बिट : येथे पुष्कळांची गफलत होते. बसवलेली विंडोज ३२ बिटची असली म्हणून प्रोसेसरही ३२ बिटचाच असेल असे नाही. ३२ बिटच्या नेहमीच्या विंडोजला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरता येत नाही. त्यामुळे कार्यप्रणाली न बदलता केवळ रॅम वाढवली तर तो खर्च वाया जातो.

५) जोडलेली साधने : छपाईयंत्र, डिजिटल सहीचे टोकन, वजनकाटा, दूध तपासणी यंत्र. प्रत्येकाचे नाव व मॉडेल क्रमांक लिहावा.

दुसरी पायरी : यंत्रसुधारणा

उदाहरणादाखल एक प्रकार घेऊ. २०१२-१३ च्या सुमारास घेतलेल्या बऱ्याच कार्यालयीन संगणकांत आय ३-३२२० प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ ते ४ जीबी डीडीआर ३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असे. हा प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्‌झचा व ६४ बिटचा आहे. पत्रव्यवहार, हिशेब आणि संकेतस्थळे यांसाठी तो आजही पुरेसा आहे. अशा संगणकाचा मंदपणा बहुधा प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असतो.

याचे कारण समजून घ्यावे. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारे डोके असते. डोके योग्य जागी जाऊन हवी ती माहिती त्याच्याखाली येईपर्यंत सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान नोंदी वेगवेगळ्या जागांवरून वाचाव्या लागतात, आणि हा विलंब साचत जातो. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने हाच वेळ सुमारे ०.१ मिलिसेकंद इतका कमी असतो. एच ६१ मदरबोर्डवरील साटा जोडणी जुन्या, ३ गिगाबिट वेगाची आहे, म्हणून नव्या एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही. तरीही फरक लगेच जाणवतो.

यंत्रसुधारणेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

अ) २४० किंवा २५६ जीबीची, २.५ इंची साटा एसएसडी बसवावी. टेबलावरील संगणकात ती बसवण्यासाठी पत्र्याची चौकट मिळते. या मदरबोर्डसाठी महागडी एसएसडी घेण्याची गरज नाही.

आ) रॅम ८ जीबी करावी. एच ६१ मदरबोर्डवर बहुतेक दोनच खाचा असतात, म्हणून ४ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य. वापरलेली पट्टी घेतल्यास मेमटेस्ट या मोफत आज्ञावलीने ती रात्रभर तपासावी. दोषी रॅममुळे नोंदी नकळत बिघडू शकतात.

इ) मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बटणसेल बदलावी. तारीख वारंवार मागे जाणे हे ती संपल्याचे लक्षण होय. तारीख चुकीची असेल तर बँकेची सुरक्षित पाने उघडत नाहीत.

ई) पंखा व पंख्याखालील धातूच्या पात्यांतील धूळ काढावी. गोदाम किंवा कांदा चाळीजवळील कार्यालयात धुळीने पाती बुजतात, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो.

पेटी उघडण्यापूर्वी वायर काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक वीज घालवावी.

तिसरी पायरी : कार्यप्रणालीची निवड

आपल्याला काय आवडते यापेक्षा यंत्राला काय पेलवते, हे पाहून निवड करावी.

*आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा इंटेल प्रोसेसर :* विंडोज ११ बसवण्याचा विचार करावा. तिच्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. प्रत्यक्षात ८ जीबी रॅम ठेवावी. मायक्रोसॉफ्टची पीसी हेल्थ चेक ही मोफत आज्ञावली चालवल्यास संगणक पात्र आहे की नाही ते कळते. एएमडी प्रोसेसरसाठीही हीच तपासणी करावी. "टीपीएम नाही" असा संदेश आला तरी लगेच निराश होऊ नये. बायोसमध्ये ती सोय नुसती बंद ठेवलेली असू शकते. इंटेलमध्ये तिचे नाव पीटीटी, तर एएमडीमध्ये एफटीपीएम असे असते. पात्र संगणकावर मूळ परवान्याची विंडोज १० असल्यास विंडोज ११ साठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

*त्याआधीचा ६४ बिटचा प्रोसेसर :* वर सांगितलेला आय ३-३२२० या गटात येतो. येथे लिनक्स बसवणे योग्य. नवशिक्यांसाठी लिनक्स मिंट सोयीची आहे, कारण तिची मांडणी विंडोजच्या जवळची आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास बरे. कमी रॅम असल्यास तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. फायरफॉक्स आणि लिब्रे ऑफिस तिच्यासोबतच येतात. सात-बारा उतारा किंवा महाडीबीटीचा अर्ज ब्राउझरमधून पाहायचा असल्याने त्यासाठी विंडोजच हवी असे नाही.

*३२ बिटचा प्रोसेसर किंवा २ जीबीच्या पुढे रॅम न घेणारा मदरबोर्ड :* यावर खर्च करू नये. नोंदी काढून घ्याव्यात व यंत्र ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावे.

अपात्र संगणकावर नियमांना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. संस्थेच्या संगणकावर त्या करू नयेत. अशा संगणकांना पुढील सुधारणा मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय २०२४ मध्ये आलेल्या २४ एच २ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. विनापरवाना विंडोजही टाळावी. परवान्याची अट मोडणाऱ्या फायलींबरोबर हानिकारक आज्ञावली येण्याचा धोका असतो.

दूध संकलनाची किंवा हिशेबाची आज्ञावली केवळ विंडोजवर चालते का, हे तिच्या विक्रेत्याला आधी विचारावे. टॅली ही विंडोजसाठी बनवलेली आहे. दूध तपासणी यंत्र व वजनकाटा बहुधा सिरीयल पोर्टने जोडलेले असतात. यूएसबी कन्व्हर्टर वापरत असल्यास त्याचा ड्रायव्हर नव्या कार्यप्रणालीत मिळतो का तेही पाहावे. ही आज्ञावली जुन्या विंडोजवरच चालत असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त संकलनासाठी ठेवावा आणि बँकेचे काम दुसऱ्या संगणकावर करावे.

चौथी पायरी : नोंदींची सुरक्षित प्रत

सर्व पायऱ्यांत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कार्यप्रणाली पुन्हा बसवता येते. सभासदांच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी पुन्हा तयार करता येत नाहीत.

१) सर्व नोंदींच्या दोन प्रती कराव्यात, एक बाहेरील हार्ड डिस्कवर व दुसरी वेगळ्या ठिकाणी. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह यांतही फायली असतात, त्या विसरू नयेत. ब्राउझरमधील खुणा व संकेतशब्दही लिहून घ्यावेत.

२) हिशेबाच्या आज्ञावलीतील बॅकअपची आज्ञा वापरावी. टॅलीचा परवाना त्या संगणकाशी जोडलेला असतो. म्हणून यंत्र बदलण्यापूर्वी तो सरेंडर करावा व नंतर पुन्हा सुरू करावा.

३) मराठी फाँटची प्रत घ्यावी. याकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती किंवा आयएसएम वापरून टाइप केलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये नसतो. त्यात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि विशिष्ट फाँटमुळे ते मराठी दिसतात. नव्या कार्यप्रणालीत तो फाँट नसला की ठरावांची वही, सभेचे इतिवृत्त, सभासदांची यादी हे सारे निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखे दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो वाचता येत नाही. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमधून संबंधित फाँट आधीच काढून ठेवावेत. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रतही करावी. सवडीने असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा.

४) लॅपटॉपमध्ये बिटलॉकर सुरू आहे का ते पाहावे. असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. तिच्याशिवाय ती डिस्क पुढे उघडता येत नाही.

५) प्रत घेतली म्हणजे काम झाले असे समजू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उगवण तपासल्याशिवाय घरचे बियाणे पेरत नाहीत, तीच दक्षता येथे हवी.

नवी एसएसडी बसवणार असाल, तर आणखी एक सोपा व खात्रीचा उपाय आहे. जुनी हार्ड डिस्क पुसू नये. तिची वायर काढावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि एक वर्ष कपाटात ठेवावी. काही राहून गेले तर ते तिच्यातून काढता येते. शिवाय कार्यप्रणाली बसवताना चुकून जुनी डिस्क पुसली जाण्याचा धोकाही उरत नाही.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष बसवणी

भारनियमनाचे वेळापत्रक पाहून दिवस ठरवावा. यूपीएस किंवा इन्व्हर्टरची सोय असावी. दूध बिलाचा किंवा मार्चअखेरचा आठवडा टाळावा.

१) दुसऱ्या संगणकावर अधिकृत संकेतस्थळावरून कार्यप्रणालीची फाइल घ्यावी. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावरील जुनी माहिती पुसली जाते, म्हणून तो रिकामा घ्यावा. विंडोजसाठी मीडिया क्रिएशन टूल, तर लिनक्ससाठी रुफस किंवा बलेना एचर वापरावे.

२) पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा आणि लगेच एफ १२, एफ २, एस्केप किंवा डिलीट यांपैकी आपल्या यंत्राची कळ दाबावी. येणाऱ्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा.

३) लिनक्स मिंट काहीही न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. ही सोय अवश्य वापरावी. पडदा, आवाज, वाय-फाय, छपाईयंत्र आणि बँकेचे संकेतस्थळ तपासावे. एखादे साधन चालत नसेल तर येथेच थांबता येते. संगणक बंद करून पेन ड्राइव्ह काढल्यास सारे पूर्ववत राहते.

४) खात्री झाल्यावर इन्स्टॉल निवडावे. संपूर्ण डिस्क पुसून बसवण्याचा पर्याय निवडताना डिस्कची क्षमता वाचावी. २४० जीबीची नवी एसएसडी आणि ५०० जीबीची जुनी डिस्क यांतील फरक येथेच ओळखावा.

५) वेळेसाठी कोलकाता निवडावे. कळफलकात इंग्रजीसोबत मराठी इन्स्क्रिप्ट जोडावा. संकेतशब्द ठेवावा व तो संस्थेच्या दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा.

६) संगणक पुन्हा सुरू करून प्रथम सर्व सुधारणा उतरवून घ्याव्यात. त्यानंतर छपाईयंत्र, टोकन, फाँट आणि शेवटी नोंदी या क्रमाने काम करावे.

बदलानंतरची तपासणी

संगणक वेगाने सुरू झाला एवढ्यावर समाधान मानू नये. मागील मार्चअखेरची शिल्लक छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी. पाच-सहा सभासदांची खाती उघडून त्यांच्या पुस्तिकेशी जुळवावी. मराठीतील एक जुना ठराव उघडून त्याची छपाई करावी. पहिले पंधरा दिवस महत्त्वाच्या नोंदी वहीतही ठेवाव्यात. पुढे दर आठवड्याला प्रत घेण्याचा वार ठरवून तो भिंतीवर लिहावा.

काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास शिकण्यास वेळ द्यावा. लिब्रे ऑफिसमध्ये वर्ड व एक्सेलच्या फायली उघडतात, मात्र गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी काही वेळा हलते. असे तक्ते आधीच तपासून दुरुस्त करावेत.

कधी थांबावे?

सुधारणेचा एकूण खर्च नव्या संगणकाच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले असतील किंवा संगणक अधूनमधून आपोआप बंद पडत असेल, तर पैसे घालू नयेत. खोडकिडीने पोखरलेल्या झाडाची छाटणी करून त्याचे पुनरुज्जीवन होत नाही. मात्र खोड सुदृढ असलेल्या जुन्या झाडाला योग्य छाटणीने नवी पालवी येते. जुन्या संगणकाबाबतही खोड तपासूनच निर्णय घ्यावा. एसएसडी घेतलेली असल्यास ती पुढे दुसऱ्या संगणकात वापरता येते, त्यामुळे तो खर्च सहसा वाया जात नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• प्रोसेसरची पिढी, रॅमचा प्रकार आणि जोडलेली साधने लिहून मगच कार्यप्रणाली ठरवावी.
• पहिला खर्च एसएसडीवर, दुसरा रॅमवर करावा.
• मुदत संपलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.
• नोंदींच्या दोन प्रती घ्याव्यात व त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.
• मराठी फाँटची प्रत घेतल्याशिवाय जुनी कार्यप्रणाली काढू नये.
• जुनी हार्ड डिस्क न पुसता एक वर्ष जपून ठेवावी.
• बदलानंतर संगणकातील शिल्लक छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी.